शालेय अभ्यासक्रमाची व्याप्ती : काही देशांतील विषययोजना आणि नंदुरबार जिल्ह्यातील शाळा – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

शालेय अभ्यासक्रमासंबंधी महाराष्ट्रात दोन तक्रारी सातत्याने ऐकू येतात. पहिली तक्रार अशी की, अभ्यासक्रम फार जड असून मुलांच्या पाठीवर दप्तराचे व मनावर माहितीचे ओझे लादले जाते. दुसरी तक्रार अशी की, अभ्यासक्रम अत्यंत संकुचित असून त्यात कला, श्रम, आरोग्य, शेती, यंत्रविद्या यांना नावापुरतेच स्थान आहे. वरवर पाहता या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात, किंबहुना त्या खऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अभ्यासक्रमाचा 'भार' आणि अभ्यासक्रमाची 'व्याप्ती' या दोन भिन्न गोष्टी होत. थोडक्याच क्षेत्रांत पुष्कळ माहिती कोंबली की भार वाढतो. व्याप्ती मात्र वाढत नाही.

परदेशांतील शिक्षणाशी तुलना करताना हा भेद बहुधा विसरला जातो. अमुक देशात इतके विषय आहेत, तमुक देशात तितके, अशी विषयांची यादी समोरासमोर मांडून निष्कर्ष काढण्याची प्रथा शैक्षणिक लेखनात रूढ झाली आहे. अशा तुलनेतून कागदावरील अभ्यासक्रमाची तुलना होते; मुलापर्यंत पोहोचणाऱ्या अभ्यासक्रमाची होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात व्याप्तीचे निकष प्रथम निश्चित करून, त्या निकषांवर इंग्लंड, अमेरिका, फिनलंड व जपान या देशांतील विषययोजनांचा आणि महाराष्ट्रातील विषययोजनेचा विचार केला आहे. तुलनेचा शेवट मात्र नंदुरबार जिल्ह्यातील शाळेत केला आहे. नंदुरबार तालुक्यातील रनाळे असो वा अक्राणी तालुक्यातील सातपुड्याच्या डोंगरातील पाडा असो, तेथील मुलाच्या वाट्याला या व्याप्तीपैकी नेमके काय येते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

व्याप्तीचे तीन निकष :

१) नोंद : एखादे ज्ञानक्षेत्र अभ्यासक्रमात विषय म्हणून अधिकृतपणे समाविष्ट आहे काय?

२) तरतूद : त्या विषयाला वेळापत्रकात तासिका, शाळेत शिक्षक व मूल्यमापनात वजन आहे काय?

३) सामीलकी : विद्यार्थ्याची भाषा, त्याचा परिसर व त्याच्या घरातील श्रम यांना त्या अभ्यासक्रमात ज्ञान म्हणून मान्यता आहे काय?

पहिला निकष कागदावर तपासता येतो आणि म्हणूनच बहुतेक तुलना तेथेच थांबतात. दुसरा निकष शाळेत गेल्यावाचून कळत नाही. तिसरा निकष तर बहुतेक वेळा विचारातच घेतला जात नाही.

परदेशांतील विषययोजना :

इंग्लंडमध्ये १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम अस्तित्वात आला. त्यात भाषा, गणित व विज्ञान यांबरोबरच कला, संगीत, तंत्रज्ञान व शारीरिक शिक्षण यांचाही समावेश होता. परंतु वयाच्या सोळाव्या वर्षानंतर तेथील विद्यार्थी साधारणतः केवळ तीन विषय निवडून त्यांचा सखोल अभ्यास करतो. सखोलतेच्या दृष्टीने ही पद्धती नावाजली गेली. तथापि, इतक्या लवकर इतके थोडे विषय निवडावे लागणे हा दोष तेथील धोरणकर्त्यांनाही जाणवत आला आहे. २०२३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी किमान पाच विषयांची नवी योजना जाहीर केली होती. २०२४ मध्ये सत्तांतर झाल्यावर ती सोडून देण्यात आली. सोळा वर्षांपूर्वीच्या टप्प्यावरचा अनुभव याहून अधिक बोलका आहे. २०१० मध्ये शाळांची कामगिरी मोजण्यासाठी इंग्रजी, गणित, विज्ञान, परकीय भाषा आणि इतिहास किंवा भूगोल या विषयांचा एक गट निश्चित करण्यात आला. कलाविषय या गटाबाहेर राहिले. ते अभ्यासक्रमातून कोणी काढून टाकले नव्हते. केवळ मोजमापातून वगळले होते. तेवढ्यानेच शाळांचे लक्ष त्यांच्यावरून उडाले, ही टीका पुढील दीड दशक होत राहिली आणि २०२५ मध्ये अभ्यासक्रम व मूल्यमापनाचा आढावा घेणाऱ्या समितीने हे मोजमाप रद्द करण्याची शिफारस केली.

अमेरिकेत देशव्यापी असा एकच अभ्यासक्रम नाही. तो अधिकार राज्यांकडे व स्थानिक मंडळांकडे आहे. तरीही २००२ मध्ये अमलात आलेल्या 'एकही मूल मागे राहू नये' या कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणित यांच्या चाचण्या अनिवार्य केल्या आणि त्यांच्या निकालांवर शाळांचे भवितव्य अवलंबून ठेवले. परिणामी अनेक शाळांनी वाचन व गणिताच्या तासिका वाढवल्या आणि त्यासाठी सामाजिक शास्त्रे, कला व संगीत यांच्या वेळेला कात्री लावली. कायद्याचा हेतू वंचित मुलांच्या हिताचा होता, हे विसरता येत नाही. पण ज्या शाळांचे निकाल कमकुवत, त्याच शाळांवर आकुंचनाचा दाब सर्वाधिक आला. म्हणजे व्याप्तीची सर्वांत अधिक गरज असलेल्या मुलांचीच व्याप्ती सर्वांत अधिक घटली. २०१५ मध्ये हा कायदा बदलून नव्या कायद्यात 'सर्वांगीण शिक्षण' ही संकल्पना घालावी लागली.

फिनलंडची योजना निराळ्या पायावर उभी आहे. तेथे पहिली ते नववीच्या मूलभूत शिक्षणात हस्तव्यवसाय, संगीत, दृश्यकला व शारीरिक शिक्षण हे विषय सर्वांसाठी आहेत. सातवीत गृहव्यवस्थापन हा विषय मुलामुलींना सारखाच शिकवला जातो. या विषयांच्या किमान तासिका शासनाच्या आदेशाने ठरलेल्या असतात, हे येथे महत्त्वाचे. मूलभूत शिक्षणाच्या अखेरीस देशपातळीवरील सार्वजनिक परीक्षा नाही, त्यामुळे 'परीक्षेचे विषय' व 'बिनपरीक्षेचे विषय' अशी उतरंड निर्माण होत नाही. २०१४ च्या अभ्यासक्रमाने, ज्याची अंमलबजावणी २०१६ पासून सुरू झाली, प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून किमान एक आंतरविद्याशाखीय अभ्यासघटक मिळावा असा नियम केला.

जपानमध्ये विषयांबरोबरच वर्गाची सफाई, सामूहिक भोजन व विद्यार्थी-मंडळे यांना शिक्षणाचा भाग मानले जाते. गृहव्यवस्थापन माध्यमिक स्तरावर पूर्वी मुख्यत्वे मुलींचा विषय होता. १९८९ च्या सुधारणेनंतर १९९३-९४ पासून तो मुलग्यांनाही अनिवार्य झाला. व्याप्तीचा विचार करताना 'कोणते विषय' याबरोबर 'कोणासाठी' हेही विचारावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय. जपानचा दुसरा अनुभव सावध करणारा आहे. २००२ पासून तेथे विषयांचा आशय सुमारे तीस टक्के कमी करून 'एकात्म अध्ययना'साठी वेळ मोकळा करण्यात आला. २००३ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गुणवत्ता घसरल्याची ओरड झाली आणि २००८ च्या सुधारणेने तासिका पुन्हा वाढवल्या. म्हणजेच आशय कमी केल्याने व्याप्ती आपोआप वाढत नाही. मोकळ्या झालेल्या वेळेत काय व कोणी शिकवायचे, याची सिद्धता असावी लागते.

या चार देशांच्या अनुभवांतून एक सूत्र हाती येते. अभ्यासक्रमाची व्याप्ती विषयांच्या यादीने ठरत नाही. ती मोजमाप, वेळ आणि शिक्षक या तीन गोष्टींनी ठरते.

महाराष्ट्रातील विचारपरंपरा :

व्याप्तीचा विचार महाराष्ट्राला नवा नाही व तो बाहेरून आयात करण्याचीही आवश्यकता नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेसाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचा आग्रह धरला होता. शेतीच्या पाठांना जोडून लहानसे नमुना शेत असावे, अशी त्यांची सूचना होती. खेड्यातील शाळेत विषय संख्येने थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहारोपयोगितेत उणे असू नयेत, हा त्यांचा विचार म्हणजे व्याप्ती आणि संख्या यांतील भेदाची सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केलेली मांडणी होय.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या नई तालीमच्या योजनेत हस्तोद्योग हा अन्य विषयांना जोडणारा मध्यवर्ती दुवा मानला गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, तर १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची संकल्पना मांडली. डॉ. श्री. शे. कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य यांचा समावेश असलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत चालवून दाखवला आणि त्याला राज्य मंडळाची मान्यताही मिळाली. तात्पर्य, विचारांची वा प्रयोगांची उणीव महाराष्ट्रात कधीच नव्हती. उणीव राहिली ती प्रयोगाला नियम बनवण्याची.

आजची विषययोजना : नोंद आणि तरतूद यांतील अंतर :

नोंदीच्या निकषावर महाराष्ट्राचा अभ्यासक्रम मुळीच अरुंद नाही. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला, कार्यानुभव, आरोग्य व शारीरिक शिक्षण, पर्यावरण अशी यादी फिनलंडच्या यादीशेजारी ठेवली तर फारसा फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो दुसऱ्या निकषावर. दहावीच्या परीक्षेत सहा विषयांचे सहाशे गुण असतात व त्यांतील सर्वोत्तम पाच विषयांवर टक्केवारी निघते. तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे या चौकटीबाहेरचे बहुतेक सारे शाळास्तरावर, श्रेणीच्या स्वरूपात मोजले जाते. श्रेणीचा विषय म्हणजे ज्याच्या तासिकेत गणिताचा उरलेला भाग पूर्ण करता येतो असा विषय, ही शिक्षकवर्गातील सर्वपरिचित वस्तुस्थिती आहे. कला आणि क्रीडा यांना वाढीव गुणांच्या रूपाने परीक्षेत प्रवेश मिळाला, ही स्वागतार्ह गोष्ट खरी; पण येथे कला ही सर्वांसाठीचा विषय म्हणून येत नाही, तर रेखाकला परीक्षेचे केंद्र, शिक्षक व साहित्य ज्यांच्या आवाक्यात आहे त्यांच्यासाठीची अधिकची कमाई म्हणून येते. इंग्लंडमध्ये मोजमापातून वगळल्याने जे घडले, तेच येथे निराळ्या मार्गाने घडते.

शिक्षकांच्या तरतुदीचा प्रश्न याहून गंभीर आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. ती लागू होते, ती या वर्गांची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेव्हाच. या एका अटीचे परिणाम दूरगामी आहेत. मोठ्या गावातील वा शहरातील शाळा ही अट सहज पूर्ण करू शकते. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत वस्ती विखुरलेल्या पाड्यांची आहे. तेथील लहान शाळेला ही अट पूर्ण करणे अशक्यप्राय ठरते. म्हणजे मुलाला चित्रकलेचा शिक्षक मिळणार की नाही हे त्याच्या आवडीवर, गरजेवर वा हक्कावर नव्हे, तर त्याच्या शेजारी किती मुले बसतात यावर ठरते. कायद्याने शिक्षणाचा हक्क व्यक्तीला दिला. व्याप्तीचा हक्क मात्र पटसंख्येला दिला.

भाषा आणि परिसर : तिसरा निकष :

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांवर असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. त्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोली जिल्ह्यात बोलल्या जातात. शाळेच्या विषययोजनेत मराठी ही 'प्रथम भाषा' असते. परंतु पावरी बोलणाऱ्या मुलासाठी ती वस्तुतः दुसरी भाषा होय. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याबाबत १६ एप्रिल व १७ जून रोजी शासन निर्णय निघाले, राज्यभर मोठा वाद झाला आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात येऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. या वादात मराठीची बाजू हिरीरीने मांडली गेली व ते योग्यच होते. पण सातपुड्यातील मुलाच्या दृष्टीने ती 'तिसरी' भाषा चौथी ठरली असती, या मुद्द्याला चर्चेत पुरेसे स्थान मिळाले नाही. ज्या भाषेत मूल विचार करते ती मोजणीतच धरली नाही, तर व्याप्तीचे गणित आरंभीच चुकते.

या संदर्भात नॉर्वेचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. तेथील सामी या आदिवासी समाजासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र सामी अभ्यासक्रम तयार करण्यात आला आणि तो राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बरोबरीचा मानला गेला. मात्र अशा विचाराचे उदाहरण शोधण्यासाठी नंदुरबारकरांना नॉर्वेपर्यंत जाण्याचे कारण नाही. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातील चिमलखेडी, निमगव्हाण आदी गावांत नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा सुरू केल्या. त्यांत मुलांच्या बोलीपासून आरंभ करून मराठीकडे जाणे, जंगल, नदी व शेती यांचे ज्ञान वर्गात आणणे आणि त्याच वेळी शासनमान्य परीक्षांचीही तयारी करून घेणे, असा दुहेरी मार्ग स्वीकारला गेला. आंदोलनाच्या भूमिकेविषयी मतभेद असू शकतात. शैक्षणिक प्रयोग म्हणून मात्र या शाळांची दखल घ्यावीच लागते.

शासकीय पातळीवरही एक उल्लेखनीय प्रयत्न झाला होता. बालभारतीने २०१४ च्या पाठ्यपुस्तक मालिकेत इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय काढले. आठ वर्षांच्या मुलाला आपल्याच जिल्ह्यातील नद्या, पिके व गावे पुस्तकात भेटणे, ही छोटी गोष्ट नव्हे. मात्र जिल्ह्याचा हा विचार एका इयत्तेपुरताच राहिला. पुढील इयत्तांत नंदुरबार पुन्हा नकाशावरच्या एका कोपऱ्यात गेला. कापूस व मिरची पिकवणाऱ्या घरातील विद्यार्थी दहावीपर्यंत शिकतो, पण पिकाचा उत्पादनखर्च, बाजार समितीतील व्यवहार वा कीटकनाशकाच्या वेष्टनावरील सूचना यांचे वाचन त्याच्या अभ्यासाचा मुख्य भाग होत नाही.

दोन आक्षेप :

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्या जिल्ह्यात साक्षरतेचेच प्रमाण कमी, तेथे व्याप्ती ही चैन ठरते. आधी वाचन व गणित पक्के व्हावे. २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानाचा भरही पायाभूत साक्षरतेवरच आहे. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु वाचन हे कशाचे तरी वाचन असते आणि मोजणी ही कशाची तरी मोजणी असते. ओळखीचा आशय काढून घेतला की वाचन हे केवळ अक्षरांचा उच्चार उरते. अमेरिकेच्या अनुभवाने हेच दाखवले.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. शेती, हस्तोद्योग व परिसर यांवर भर दिल्यास आदिवासी व ग्रामीण मुलाला गावातच जखडून ठेवले जाईल. शहरातील मूल विज्ञान व इंग्रजी शिकेल आणि खेड्यातील मूल टोपल्या विणत राहील, ही भीती नई तालीमच्या काळापासून व्यक्त होत आली आहे आणि इतिहास पाहता ती निराधार नाही. तिचे उत्तर एकच आहे. व्याप्तीचे विषय हे विज्ञान-गणिताच्या 'ऐवजी' असता कामा नयेत व ते केवळ खेड्यासाठी असता कामा नयेत. फिनलंडमध्ये हस्तव्यवसाय राजधानीतील मुलालाही शिकावा लागतो, म्हणूनच त्याला कमीपणा येत नाही. रनाळ्याच्या मुलाने शेतीचे शास्त्र शिकावे आणि पुण्याच्या मुलाने शिकू नये, अशी विभागणी झाली तर ती व्याप्ती नसून जुन्याच विषमतेचे नवे नाव ठरेल.

नवे धोरण आणि निवडीचा प्रश्न :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला-विज्ञान व शैक्षणिक-व्यावसायिक अशा भिंती नकोत, असे म्हटले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अकरावी-बारावीत किमान दोन वेगवेगळ्या गटांतून विषय निवडण्याची कल्पना मांडली. तत्त्वतः हे स्वागतार्ह आहे. परंतु निवड ही पर्याय असतील तेव्हाच निवड असते. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात एकच शाखा चालते, तेथे भौतिकशास्त्रासोबत संगीत वा इतिहासासोबत संगणकशास्त्र घेण्याचे स्वातंत्र्य हे कागदावरचेच स्वातंत्र्य राहील. मोठ्या शहरांत या धोरणाने व्याप्ती वाढेल आणि दुर्गम तालुक्यांत ती जैसे थे राहील. परिणामी दोहोंतील अंतर पूर्वीपेक्षा वाढण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :

१) अभ्यासक्रमाची व्याप्ती विषयसंख्येवरून मोजणे भ्रामक आहे, नोंद, तरतूद व सामीलकी या तिन्ही निकषांवर ती तपासली पाहिजे.

२) महाराष्ट्राचा अभ्यासक्रम नोंदीत विस्तृत, तरतुदीत अरुंद व सामीलकीत सर्वाधिक दुर्बल आहे.

३) अंशकालीन निदेशकांसाठीची शंभर पटसंख्येची अट लहान शाळांतील मुलांवर अन्याय करणारी आहे. शाळेऐवजी केंद्र हा घटक धरून, एका केंद्रातील सर्व शाळांच्या एकत्रित पटावर कला, क्रीडा व कार्यशिक्षणाचे फिरते शिक्षक नेमता येतील.

४) जिल्हानिहाय पाठ्यपुस्तकाची कल्पना एका इयत्तेपुरती न ठेवता ती माध्यमिक स्तरापर्यंत प्रकल्पांच्या रूपाने न्यावी.

५) भाषाविषयक धोरणात मुलाची घरची बोली ही मोजणीतील पहिली भाषा मानावी.

६) दुर्गम भागातील कनिष्ठ महाविद्यालयांनी परस्परांत विषय वाटून घेण्याची व्यवस्था केल्याशिवाय विषयनिवडीचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात येणार नाही.

समारोप :

परदेशांशी केलेली तुलना आपल्याला आदर्श पुरवते, असा समज आहे. वस्तुतः ती आपल्याला प्रश्न पुरवते. इंग्लंडने मोजमापाचा, अमेरिकेने चाचण्यांचा, जपानने पूर्वतयारीचा आणि फिनलंडने समान तरतुदीचा प्रश्न पुढे ठेवला आहे. महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उणिवांची चर्चा प्राध्यापकवर्गात नेहमी होते. त्या उणिवांपैकी किती त्या विद्यार्थ्यांच्या आहेत आणि किती त्यांच्या वाट्याला न आलेल्या तासिकांच्या, याचा हिशेब मांडणे हेही उच्च शिक्षणाचेच काम आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील शाळांची वेळापत्रके, शिक्षकसंख्या व मुलांच्या घरच्या भाषा यांची पद्धतशीर नोंद केली, तर देशोदेशींच्या अभ्यासक्रमांची तुलना प्रथमच प्रत्यक्ष वर्गखोलीच्या आधारे करता येईल.